दुसरं पंक्चर

दोस्तांनो, तुमच्यापैकी किती जणांकडे सायकल आहे? आणि किती जणांनी सायकलच्या दुकानात उकिडवं बसून पंक्चर काढताना बघितलंय? बघितलं असेल, तर एक गोष्ट नक्की लक्षात आली असेल. सायकलवाला टायरमधून ट्यूब बाहेर काढतो, तिच्यात थोडी हवा भरतो आणि घमेल्यातल्या पाण्यात बुडवत बुडवत पुढे सरकवतो. एका ठिकाणी बुडबुडे येतात. सापडलं पंक्चर! तो तिथं खूण करतो. आपल्याला वाटतं, झालं काम. पण चांगला सायकलवाला तिथं थांबत नाही. उरलेली सगळी ट्यूब तो पाण्यातून फिरवतो आणि मगच ठिगळ चिकटवायला घेतो.

"एक भोक सापडलं म्हणून दुसरं नसतंच का रे?" आमच्या कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणायचा.

लहानपणी मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पाठच झालं होतं. पुढे मी डॉक्टर झालो. हाडांचा डॉक्टर. आणि ज्या रात्री ते वाक्य आठवायला हवं होतं, नेमकं त्याच रात्री आठवलं नाही. त्या रात्रीची ही गोष्ट. सांगताना अजूनही थोडी लाज वाटते. पण सांगतो, कारण तिच्यात तुमच्याही कामाचं काही आहे.

या गोष्टीला आता तीसेक वर्षं झाली. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात अस्थिरोग विभागात मी शिकत होतो. शिकणारे डॉक्टर रुग्णालयातच राहतात, म्हणून त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. राहतात म्हणजे काय, तर झोप मिळेल तिथं आणि मिळेल तेवढी घ्यायची! त्यात तो दिवस गोपाळकाल्याचा. तुमच्यासाठी तो दहीहंडीचा, लाह्या-पोह्यांचा, "गोविंदा आला रे"चा दिवस. आमच्यासाठी मात्र मोडलेल्या हातांचा दिवस. सकाळी अकरापासून एकेक गोविंदा यायला सुरुवात झाली. कुणाचं मनगट, कुणाचं कोपर, कुणाची गळ्याजवळची हासळी. संध्याकाळपर्यंत प्लॅस्टर भिजवून भिजवून माझी बोटं पांढरी पडली होती.

रात्री नऊच्या सुमाराला त्याला आणलं. वय एकोणीस. अंगावर मंडळाचा भिजलेला बनियन, केसांत वाळलेला गुलाल. दिवसा तो एका पेंटरकडे काम करायचा. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे फलक, गणपतीच्या कमानी रंगवायचा. नाव सांगत नाही, आपण त्याला गोविंदाच म्हणू. तो चौथ्या थरावर होता. थर कोसळले आणि तो उजवा हात पुढे करून खाली आला. उठायच्या आत वरचा एक जण गुडघ्यावर पडला, तो नेमका याच्या उजव्या दंडावर.

हात बघितल्यावर काय झालंय ते तुम्हीसुद्धा सांगितलं असतं. जिथं सांधा नाही, तिथून हात वाकला होता. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. दंडाचं हाड मोडलं होतं.

शिकवलं होतं तसं मी सगळं केलं, बरं का. मनगटाची नाडी बघितली. बोटं हलव म्हटलं, हलवली. पंजा वर उचल म्हटलं, उचलला. हे का विचारायचं ते सांगतो. दंडाच्या हाडाला मागच्या बाजूने वळसा घालून एक मज्जातंतू खाली जातो. हाड मोडताना तो दुखावला, तर पंजा मनगटातून खाली लोंबतो आणि काही केल्या वर उचलता येत नाही. गोविंदाचा पंजा उठला. छान!

मग त्याला एक्स-रेला पाठवलं. त्या काळी फिल्म धुऊन ओलीच हातात मिळायची. मी ती दिव्यासमोर धरली. हाड मधोमध मोडलेलं स्पष्ट दिसत होतं. सापडलं पंक्चर! आणि मी तिथंच थांबलो.

मी प्लॅस्टर भिजवत असताना गोविंदा डाव्या हाताने खांदा दाखवत म्हणाला, "डॉक्टर, इथं वर पण दुखतंय."

"अरे, दंड मोडलाय तुझा. दुखणारच की," मी म्हणालो.

त्याची आई पाठोपाठ आली होती. घरी शिवणकाम करायची. घाईत तशीच उठून आली असावी, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले होते. ती म्हणाली, "साहेब, त्याच्या खांद्याकडं पण बघा ना जरा."

"मावशी, काळजी करू नका. ते सगळं एकच आहे."

माझ्यामागे अजून सात जण रांगेत होते. मी काखेतून निघून कोपराला खालून वळसा घालून बाहेरच्या बाजूने खांद्यापर्यंत जाणारी प्लॅस्टरची पट्टी बांधली, हात झोळीत अडकवला आणि आठ दिवसांनी बोलावलं.

आता इथं गोष्ट थोडी थांबवू, आणि तुमचा खांदा बघू. हो, तुमचाच!

डावा हात उजव्या खांद्यावर ठेवा. खांद्याच्या वर अगदी टोकाला एक टणक हाड लागेल. ते पाठीवरच्या फावड्यासारख्या हाडाचं टोक आहे, खांद्याचं छप्परच म्हणा ना! त्याच्या खाली बाहेरच्या बाजूला गोल फुगवटा लागतो. ती गोलाई वरच्या स्नायूमुळे आणि त्याच्या आतल्या हाडाच्या गोळ्यामुळे येते. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो आणि तो पाठीवरच्या हाडाच्या खोबणीत फिरतो. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही उखळीचा सांधा वाचला असेल, तो हाच.

पण नाव उखळीचं असलं, तरी खांद्याची उखळ फसवी आहे. मांडीच्या सांध्याची खोबण खरोखरच उखळीसारखी खोल असते, खांद्याची मात्र बशीसारखी उथळ. गोळा मोठा आणि बशी लहान. बशीला टेकवून चेंडू उभा ठेवावा आणि चारी बाजूंनी दोऱ्या-पट्ट्यांनी सांभाळावा, तशी ही रचना. म्हणूनच आपला हात वर, खाली, पुढे, मागे, गरागरा फिरतो. शरीरातला सगळ्यात जास्त फिरणारा सांधा हा! आणि त्याची किंमतही द्यावी लागते. मोठ्या सांध्यांपैकी सगळ्यात जास्त वेळा निखळतो तोही हाच. गोळा बशीतून घसरतो आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला, छातीकडे जाऊन बसतो.

नुसता खांदा निखळला असेल, तर ओळखणं फारसं अवघड नसतं. खांद्याची गोलाई जाते आणि तो चौकोनी, चपटा दिसतो. माणूस हात अंगापासून थोडा लांब धरून बसतो. त्या हाताचा पंजा समोरच्या खांद्यावर ठेवायला सांगितला, तर कोपर छातीला टेकत नाही. आणि एक जुनी गंमतशीर युक्ती आहे, तिला म्हणतात हॅमिल्टनची पट्टी. दप्तरातली तीस सेंटिमीटरची पट्टी काढा. ती दंडाच्या बाहेरच्या बाजूला उभी धरा. खालचा भाग कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याला लावा, आणि वरचा भाग खांद्याच्या त्या टोकाच्या हाडाला टेकवायचा प्रयत्न करा. टेकत नाही ना? मधला फुगवटा आडवा येतो. खांदा निखळला की गोळा जागा सोडतो, फुगवटा जातो आणि पट्टी दोन्हीकडे एकदम टेकते. किती साधं, नाही का?

मग गोविंदाच्या बाबतीत मला ते का दिसलं नाही? कारण दंडही मोडला होता. अंगापासून लांब राहायला हात मुळी अखंडच नव्हता. तो मधूनच लुळा पडला होता. पंजा समोरच्या खांद्यावर ठेव म्हणावं, तर मोडक्या दंडाने कसा ठेवणार? पट्टी लावावी, तर दंडच वाकडा. खांद्याची गोलाई बघावी, तर सगळी सूज. आणि दुखणं? मोडलेल्या हाडाच्या ओरड्यात खांद्याचं कण्हणं ऐकूच येत नव्हतं. म्हणजे एका इजेने दुसऱ्या इजेच्या सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या. हे दोन्ही एकाच वेळी, एकाच हाताला होणं दुर्मीळ आहे. दुर्मीळ, म्हणून मनात येत नाही. मनात येत नाही, म्हणून शोधलं जात नाही.

तरीही एक खूण कुणीच पुसली नव्हती. गोविंदा स्वतः तोंडाने सांगत होता, "इथं वर पण दुखतंय." ती मी पुसली.

आठव्या दिवशी मायलेक आले. सूज उतरली की प्लॅस्टर सैल होतं आणि खाली घसरतं. तसंच झालं होतं. आईने त्याचा जुना शर्ट उसवून उजव्या बाहीला नाड्या लावल्या होत्या, म्हणजे प्लॅस्टरवरून घालता यावा. मी ते बघून शाबासकी देणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"साहेब, रागावू नका. पण याचे दोन खांदे सारखे नाहीत."

"सूज उतरतेय ना मावशी, म्हणून तसं वाटतं."

"नाही साहेब." तिचा आवाज बारीक होता, पण ती मागे हटली नाही. "पंधरा वर्षं मी शिवणकाम करते. याच्या खांद्याचं माप मला टेपशिवाय ठाऊक आहे. हा शर्ट मी बसवला, तर डावीकडचा मुंढा बरोबर भरतो आणि उजवीकडचा रिकामा राहतो. इथली गोलाईच गेलीय बघा."

मुंढा म्हणजे शर्टाला बाही जिथं जोडतात ते भोक, हे मला त्या दिवशी कळलं.

मी घसरलेल्या प्लॅस्टरच्या वर हात लावला. टोकाचं हाड लागलं आणि त्याच्या खाली बोट आत गेलं. तिथं खड्डा होता. बोटं पुढे सरकवली, तर हासळीच्या खाली, जिथं काहीच असायला नको, तिथं एक गोल टणक गोळा लागला. दोस्तांनो, परीक्षेत पेपर दिल्यावर बाहेर येऊन मागच्या पानावरचा प्रश्न आठवला की पोटात जो खड्डा पडतो ना, तो ठाऊक आहे? तसाच पडला. फक्त इथं गुण जाणार नव्हते, एका पेंटरचा उजवा हात जाणार होता.

मी आमच्या सरांकडे गेलो. त्यांनी आधी जुनी फिल्म मागितली. ती दिव्यावर लावून ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "यात खांदा कुठंय?"

मी बघितलं. फिल्म खांद्याच्या दोन बोटं खालीच संपली होती. हात हलवला की मुलगा ओरडत होता, म्हणून तंत्रज्ञाने जेवढं जमलं तेवढं टिपलं होतं. आणि जे हाड मोडलेलं मला हवं होतं ते त्यात होतं, म्हणून बाकीचं मला आठवलंसुद्धा नाही.

"जो सांधा फोटोत नाही, तो तू तपासलेला नाहीस," सर म्हणाले. बस, एवढंच. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

नव्या फिल्ममध्ये सगळं दिसलं. बशी रिकामी होती आणि गोळा पुढे-खाली जाऊन बसला होता. सरांनी गोविंदाच्या दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं एनसीसीच्या मुलांच्या शर्टावर फिती असतात ना, तिथं कापसाचा बोळा फिरवला. "कळतंय?" तो म्हणाला, "बधिर आहे." खांद्याच्या गोळ्याजवळून जाणारा एक मज्जातंतू तिथल्या कातडीला संवेदना देतो. गोळा घसरताना तो ताणला गेला होता. हेही पहिल्या रात्री एका कापसाच्या बोळ्याने कळलं असतं.

मग सर म्हणाले, "आता जा, आणि त्याच्या आईला सांग."

"मी? काय सांगू?"

"जे झालं ते."

अपघात विभागापासून बाकापर्यंतचं ते अंतर वीस पावलांचं असेल. वाटेत मी तीन वेगवेगळी वाक्यं जुळवली. "गर्दी फार होती", "ही इजा फार दुर्मीळ असते", "फोटो नीट आला नव्हता". तिन्ही खरी होती बरं का! पण तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्यांतलं एकही बोलवेना. मी म्हणालो, "मावशी, खांदा निखळलेला आहे. पहिल्या रात्रीच निखळला होता. मी बघायला हवं होतं, बघितलं नाही. माझी चूक झाली."

ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी सांगितलं होतं साहेब तेव्हाच."

"हो. सांगितलं होतंत."

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिने विचारलं, "आता हात वर होईल का त्याचा? पाट्या रंगवतो तो." मी म्हणालो, "सर पूर्ण प्रयत्न करतील." एवढंच खरं उत्तर माझ्याकडे होतं.

उपचार सोपे नव्हते. नुसता निखळलेला खांदा हात धरून, हळूहळू ओढून, ठरावीक पद्धतीने फिरवून जागेवर बसवतात. पण मधोमध मोडलेला हात धरून वरचा गोळा कसा फिरवणार? दांडा तुटलेल्या फावड्याने माती उपसता येईल का? म्हणून सरांनी आधी दंडाचं हाड पट्टी आणि स्क्रूंनी जोडलं. दांडा पुन्हा एकसंध झाला. मग त्याच भुलीत, स्नायू सैल पडलेले असताना, अगदी सावकाश गोळा बशीकडे नेला. आठ दिवसांत तो तिथंच रुतायला लागला होता. बराच वेळ गेला. अखेर "खट्" असा आवाज झाला आणि सरांचे खांदेसुद्धा खाली आले. अजून दोन-तीन आठवडे गेले असते, तर कदाचित सांधाच उघडावा लागला असता.

पुढचे महिने व्यायामाचे. पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवायचा. मग भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची, मुंगी चढते तशी. त्याची आई रोज शिंप्याच्या खडूने भिंतीवर खूण करायची. बधिरपणा चारेक महिन्यांत गेला. वर्षाने तो मला भेटायला आला आणि हात वर करून दाखवला. कानाच्या अलीकडे चार बोटं येऊन हात थांबला. तिथून पुढे तो कधीच गेला नाही.

"चालतं डॉक्टर," तो म्हणाला. "घोड्याची एक पायरी जास्त चढतो." पेंटर लोक रंगवताना ज्या दुहेरी शिडीवर उभे राहतात, तिला घोडा म्हणतात.

ती एक जास्तीची पायरी माझ्यामुळे त्याच्या वाट्याला आली. पहिल्याच रात्री कळलं असतं, तर हात पुरता वर गेलाच असता, असं छातीठोकपणे नाही सांगता येत. मोठी इजा होती. पण संधी जास्त होती, आणि ती मी आठ दिवस वाया घालवली.

सरांनी त्याला एक काम दिलं, पैसे देऊन. आमच्या प्लॅस्टरच्या खोलीसाठी एक पाटी रंगवून घेतली. निळ्या पाटीवर पांढरी, टपोरी अक्षरं. वर लिहिलं होतं, "वरचा सांधा बघितला?" आणि खाली, "खालचा सांधा बघितला?" प्लॅस्टर भिजवताना ती बरोबर डोळ्यांसमोर यायची.

हा नियम जगभरातले हाडांचे डॉक्टर शिकतात. लांब हाड मोडलं, की त्याच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे तपासायचे आणि दोन्ही एक्स-रेत यायलाच हवेत. आणि एक्स-रेसुद्धा एकाच बाजूने काढून भागत नाही. याचं कारण एक्स-रे म्हणजे सावली. विल्हेल्म रॉन्टगेन या जर्मन शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी दिसत होती. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचं अगदी पहिलं नोबेल त्यांना मिळालं. पण सावली ती सावलीच! पेन्सिल दिव्यासमोर आडवी धरा, तर भिंतीवर लांब रेघ दिसेल. टोक दिव्याकडे करून धरा, तर नुसता ठिपका. म्हणून दोन वेगवेगळ्या बाजूंनी चित्र घ्यावं लागतं. विजेचा धक्का बसला किंवा फीट आली, तर कधीकधी खांदा पुढे न निखळता मागे निखळतो. तेव्हा समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जवळजवळ जागेवरच असल्यासारखा दिसतो. बाजूने चित्र काढलं, की मगच लबाडी उघडी पडते.

आणि हे ज्ञान फक्त परदेशातलंच आहे असं समजू नका. आपल्या सुश्रुतसंहितेत निदानस्थानात मोडण्याचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. सांधा सुटणं ते संधिमुक्त आणि हाड मोडणं ते कांडभग्न. पहिल्याचे सहा आणि दुसऱ्याचे बारा उपप्रकार दिलेत. एक्स-रे नव्हते, त्या काळात डोळ्यांनी बघून, हाताने चाचपून आणि रुग्णाला विचारून त्यांनी हे वेगळं केलं होतं. गोविंदाला संधिमुक्त आणि कांडभग्न दोन्ही झालं होतं. आणि माझ्याकडे एक्स-रे असूनही ते ओळखलं कुणी? न चाचपता, नुसत्या नजरेने, एका शिवणकाम करणाऱ्या आईने!

आज एक्स-रे संगणकाच्या पडद्यावर लगेच दिसतो. सांध्याचं आतलं चित्र दाखवणारं सीटी स्कॅन आहे. पण यंत्र तेवढंच दाखवतं, जेवढं आपण त्याला बघायला सांगतो. खांदा चौकटीच्या बाहेर राहिला, तर सगळ्यात महागडं यंत्रसुद्धा त्याबद्दल गप्प बसतं.

आता तुमच्यासाठी थोडं. तुमच्या वयात हाडांची टोकं वाढत असतात आणि तो वाढीचा भाग नाजूक असतो. त्यामुळे लहान मुलांचा खांदा सहसा निखळत नाही, त्याआधी तिथलं हाडच मोडतं. तेव्हा खेळताना कुणी पडलं आणि हात उचलेना, तर "खांदा सरकलाय, मी बसवतो" असं म्हणत कुणी हात ओढायला लागलं, तर त्याला थांबवा. ओढू नका, चोळू नका, मालीश करू नका. हात जसा आहे तसाच अंगाशी धरून ओढणीची किंवा पंचाची झोळी करा. बोटातली अंगठी, हातातलं कडं सूज यायच्या आत काढा. भूल द्यावी लागेल म्हणून काही खायला-प्यायला देऊ नका. आणि मोठ्यांना बोलवा, लागलं तर १०८ला फोन करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. डॉक्टरांनी एका जागेला प्लॅस्टर घातलं, पण तुम्हाला दुसऱ्या जागीही दुखत असेल, तर सांगा. ऐकलं नाही, तर पुन्हा सांगा. बोट ठेवून दाखवा. "डॉक्टर रागावतील" म्हणून गप्प बसू नका. आई-बाबांनो, तुम्हीसुद्धा. तुमच्या मुलाचा खांदा, त्याची चाल, त्याचा चेहरा तुम्ही रोज बघता. आम्ही तो पाच मिनिटं बघतो. "तुम्ही डॉक्टर, तुम्हाला जास्त कळतं" हे खरं असलं, तरी "याचे दोन खांदे सारखे नाहीत" हे वाक्य तुम्हीच म्हणू शकता.

मी आता म्हातारा होत चाललोय. कुणाचं मोडलेलं हाड बघितलं, की सापडलं असं म्हणावंसं आजही वाटतं. मग मी मनातल्या मनात घमेल्यातली ट्यूब पुढे सरकवतो. वरचा सांधा, खालचा सांधा. नाडी, पंजा, कापसाचा बोळा. शेवटी मी प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो. दहा जणांतले नऊ जण "नाही" म्हणतात आणि वेळ वाया गेल्यासारखं वाटतं. तरी विचारतो.

"बाळा, अजून कुठं दुखतंय का?"